पृथ्वीचे पुस्तक उघडून देणारा मास्तर

१८६८ सालचा ऑगस्ट महिना. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरिच या गावी ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे वार्षिक अधिवेशन भरले होते. विद्वानांनी विद्वानांसाठी निबंध वाचायचे, असा अशा अधिवेशनांचा शिरस्ता. पण एक व्याख्यान मुद्दाम कामकरी लोकांसाठी ठेवलेले होते. वक्ता होता त्रेचाळीस वर्षांचा प्राध्यापक थॉमस हेन्री हक्सले. आणि त्याने विषय निवडला होता खडूचा एक तुकडा. सुतार फळीवर खूण करायला खिशात बाळगतो, तोच खडू.

ज्यांचे हात रोज खडूने पांढरे होतात त्यांना खडूबद्दल नवीन ते काय सांगणार, असे कुणालाही वाटेल. हक्सलेने सुरुवात केली ती श्रोत्यांच्या पायाखालून. नॉरिच गावाखाली खडूचाच खडक आहे. तिथे विहीर खणली की तो लागतो, आणि शेकडो फूट खाली गेले तरी संपत नाही. इंग्लिश खाडीकाठचे पांढरे कडे त्याचेच, आणि खाडीपलीकडे फ्रान्समध्येही तोच. एवढा खडू आला कुठून?

मग त्याने खडूची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते ते सांगितले. साध्या डोळ्याला जी नुसती पांढरी भुकटी वाटते, तिच्यात असंख्य इवल्या शिंपल्या असतात. एकमेकींना चिकटलेल्या फुग्यांसारख्या त्या दिसतात. हे ग्लोबिजेरिना नावाच्या सूक्ष्म जीवांचे सांगाडे. आता हे जीव राहत कुठे? त्याचे उत्तर अटलांटिक महासागराच्या तळाशी सापडले होते. आयर्लंड आणि न्यू फाउंडलंड यांच्यामध्ये तारायंत्राची केबल टाकायची होती, म्हणून १८५७ साली ‘सायक्लॉप्स’ या जहाजाने वाटेवरच्या समुद्राची खोली मोजली आणि तळाचा चिखल वर काढला. तो हक्सलेकडे तपासायला आला. वाळल्यावर तो खडूसारखा पांढुरका होई, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात त्याच शिंपल्या दिसत. म्हणजे खडू हा एका जुन्या समुद्राच्या तळाचा वाळलेला चिखल होता, आणि नॉरिचचे लोक त्या समुद्रतळावर घरे बांधून राहत होते!

एवढ्यावर तो थांबला नाही. नॉरिचजवळच्या क्रोमर गावचा समुद्रकाठ श्रोत्यांच्या ओळखीचा. तिथल्या कड्यात तळाशी खडू आहे. त्याच्यावर एका प्राचीन जंगलाचा थर आहे. त्यात झाडांचे बुंधे आहेत आणि हत्ती, गेंडे, पाणघोडे यांची हाडेही. त्याच्याही वर मातीचा जाड थर, आणि त्यात दूरदेशीहून बर्फाबरोबर आलेले धोंडे. म्हणजे समुद्राची जमीन झाली, जमिनीवर अरण्य वाढले, अरण्यात हत्ती हिंडले, मग तेही गाडले गेले. एकेक थर साचायला किती काळ गेला असेल, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

त्या व्याख्यानात हक्सलेने कुणाला विश्वास ठेवायला सांगितले नाही. फक्त एकेक गोष्ट पुढे ठेवली आणि प्रत्येक पायरीवर ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर दिले. विज्ञान लोकांपर्यंत कसे न्यावे याचा नमुना म्हणून हे व्याख्यान आजही वाचले जाते.

हक्सलेचे नाव आपल्याकडे माहीत आहे ते डार्विनचा कैवारी म्हणून. उत्क्रांतिवादावर तुटून पडणाऱ्यांना अंगावर घेणारा म्हणून त्याला डार्विनचा बुलडॉग हे नाव पडले. पण या लढवय्याच्या आयुष्याचा मोठा भाग भांडणात नव्हे, शिकवण्यात गेला. शाळेतल्या मुलामुलींना पृथ्वीचा आणि तिच्यावरच्या जीवांचा इतिहास शिकवता येतो, शिकवलाच पाहिजे, आणि तो पाठांतराने शिकवता येत नाही, या तीन गोष्टींसाठी त्याने जन्मभर खटपट केली. गंमत अशी, की या माणसाला स्वतःला शाळा लाभली ती जेमतेम दोन वर्षे.

ब्लँकेट गुंडाळून वाचलेले भूशास्त्र

हक्सलेचा जन्म ४ मे १८२५ रोजी लंडनजवळच्या ईलिंग या गावी झाला. वडील तिथल्या शाळेत गणिताचे शिक्षक. त्याच शाळेत आठव्या ते दहाव्या वर्षापर्यंत थॉमस शिकला. पुढे शाळेला उतरती कळा लागली, वडिलांची नोकरी गेली आणि कुटुंब कॉव्हेंट्रीला गेले. मुलाचे शिक्षण तिथेच थांबले.

शाळा थांबली, पण वाचन थांबले नाही. बारा वर्षांचा हा मुलगा पहाटे उजाडण्यापूर्वी उठायचा, मेणबत्ती लावायचा, थंडीत अंगाभोवती ब्लँकेट गुंडाळून अंथरुणातच बसायचा आणि जेम्स हटनचे भूशास्त्र वाचायचा. हटन हा अठराव्या शतकातला स्कॉटिश विद्वान. आज पाऊस, नदी आणि समुद्र जे काम करताना दिसतात तेच काम अफाट काळ चालू राहिल्याने पृथ्वीला आजचे रूप आले, हे त्याचे प्रतिपादन. मोठ्यांनाही जड जाणारे ते पुस्तक मुलाला किती कळले असेल कोण जाणे, पण पुढच्या आयुष्याची दिशा तिथे ठरली असे म्हणायला हरकत नाही. जर्मन भाषाही तो स्वतःच शिकला.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला लंडनमधल्या एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारीला ठेवले. थेम्स नदीकाठच्या गोदीवस्तीत हा दवाखाना होता. रोगापेक्षा उपासमारीने खंगलेली माणसे त्याने तिथे पाहिली. हे दृश्य तो कधी विसरला नाही. कामकरी लोकांसाठी व्याख्याने देताना तो कधीही वरच्या पायरीवरून बोलला नाही, त्याचे मूळ इथे असावे.

पुढे शिष्यवृत्तीवर चेरिंग क्रॉस रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण झाले. केसाच्या मुळाशी असलेला एक अज्ञात थर त्याने विद्यार्थी असतानाच शोधला. त्या थराला आजही हक्सलेचे नाव आहे. पण पैसा नव्हता. कर्ज फेडायचे होते. म्हणून तो आरमारात शिरला आणि १८४६ च्या डिसेंबरात ‘रॅटलस्नेक’ या जहाजावर साहाय्यक सर्जन म्हणून ऑस्ट्रेलियाकडे निघाला. चार वर्षांच्या त्या सफरीत डेकवर सूक्ष्मदर्शक बांधून त्याने समुद्रातल्या मऊ, पारदर्शक जीवांचा अभ्यास केला आणि निबंध लंडनला पाठवत राहिला. परत आला तेव्हा तो नावारूपाला आला होता. १८५१ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले.

मान मिळाला, नोकरी मात्र मिळेना. सिडनीत हेन्रिएटा हीथॉर्न या मुलीशी त्याचा वाङ्‌निश्चय १८४७ सालीच झाला होता. ती तिकडे, हा इकडे. पत्र पोचायला महिनोन्‌महिने लागत. दोघांनी आठ वर्षे वाट पाहिली. १८५५ साली लग्न झाले, ते हक्सलेला पगार सुरू झाल्यावर!

नावडीचा विषय

हा पगार मिळाला होता लंडनच्या सरकारी खाणविद्यालयात. १८५४ मध्ये तिथले प्राध्यापक एडवर्ड फोर्ब्स एडिंबरोला गेले आणि त्यांची जागा हक्सलेला देऊ केली गेली. विषय होता जीवाश्मांचा. हक्सलेने विद्यालयाच्या प्रमुखांना सरळ सांगून टाकले, की आपल्याला जीवाश्मांत रस नाही, आणि शरीरक्रियाशास्त्राची जागा मिळताच आपण हे सोडून देऊ. पण ती जागा त्याने एकतीस वर्षे सांभाळली आणि त्याच्या संशोधनाचा मोठा भाग जीवाश्मांवरच झाला!

रस कसा निर्माण झाला? जिवंत प्राण्यांची शरीररचना त्याला तळहातासारखी ठाऊक होती. दगडातली हाडे तो त्याच नजरेने पाहू लागला. हाड म्हणजे कपाटात लेबल लावून ठेवायची वस्तू नव्हे, एका चालत्याबोलत्या यंत्राचा भाग आहे, हे कळल्यावर नावडता विषय बोलू लागला. जगभरातून त्याच्याकडे नमुने येत. त्यात हिंदुस्थानचेही होते. राणीगंजच्या कोळसा क्षेत्रातल्या पंचेत खडकांतल्या प्राण्यांचे वर्णन त्याने १८६५ साली प्रसिद्ध केले. नागपुरात शाळा चालवणारा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हा सुटीच्या वेळात खडक धुंडाळणारा माणूस. प्राणहिता नदीपलीकडच्या मलेरी गावची हाडेही त्याने जमवली होती. मलेरीच्या खडकांत पुढे चोचीसारख्या जबड्याचा एक प्राचीन सरपटणारा प्राणी ओळखला गेला. तसल्याच स्कॉटलंडच्या प्राण्याचे वर्णन हक्सलेने केले होते. मलेरीच्या जातीला आज हायपरोडॅपेडॉन हक्सलेई म्हणतात.

नोकरी लागल्याच्या पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, हक्सलेने कामकऱ्यांसाठी संध्याकाळची व्याख्याने सुरू केली. दिवसभर राबून आलेली माणसे ती ऐकायला गर्दी करत. विद्वानांपुढे बोलताना अर्धवट विचार लपवता येतो, साध्या माणसापुढे तो लगेच उघडा पडतो, हा धडा हक्सले इथे शिकला. पुढे मुलांसमोर उभे राहताना त्याला हाच धडा उपयोगी पडला.

१८६० सालचे दोन प्रसंग

डार्विनचा ग्रंथ १८५९ च्या नोव्हेंबरात निघाला आणि वादळ उठले. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि हक्सले यांची जाहीर चकमक झाली. तिच्याविषयी पुढे इतक्या दंतकथा झाल्या, की खरे काय बोलले गेले ते आता नेमके सांगता येत नाही. तो शब्दशः कुणी टिपून ठेवलाच नव्हता. पण धर्मगुरूच्या तोंडावर बोलणारा माणूस म्हणून हक्सले रातोरात देशाला ठाऊक झाला.

त्यानंतर अडीच महिन्यांनी त्याच्या घरावर आघात झाला. थोरला मुलगा नोएल, अजून चार वर्षांचाही नव्हता, तो लोहितांग ज्वराने दोन दिवसांत गेला. हेन्रिएटा त्या वेळी गरोदर होती. हक्सले मोडून पडला. धर्मोपदेशक आणि लेखक चार्ल्स किंग्जली हा त्याचा स्नेही. त्याने सांत्वनाचे पत्र लिहिले. आत्मा अमर आहे, मुलगा पुन्हा भेटेल, यावर विश्वास ठेवला तर दुःख हलके होईल, हा त्याचा आशय. हक्सलेने लांबलचक उत्तर लिहिले. दुःख हलके होईल म्हणून एखादी गोष्ट खरी मानणे आपल्याला जमणार नाही, हे त्याने नम्रपणे पण स्पष्ट कळवले. इतर कुठल्याही बाबतीत जो पुरावा मागतो, तो मुलाच्या शवपेटीसमोरही सोडता येत नाही, ही त्याची भूमिका.

हे पत्र वाचणाऱ्याला हक्सले कठोर वाटण्याचा संभव आहे. पण त्याची ‘कशावरून?’ची सवय ही वादात जिंकण्याची युक्ती नव्हती, हे या पत्रावरून कळते. त्याने तिची किंमत मोजली होती. देव आहे किंवा नाही हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही, असे मानणाऱ्यांसाठी ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा शब्द त्याने पुढे १८६९ साली घडवला. मराठीत आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो.

नदीपासून सूर्यापर्यंत

त्याच १८६९ साली लंडन इन्स्टिट्यूशन या संस्थेत हक्सलेने शाळकरी मुलामुलींसाठी व्याख्यानमाला दिली. त्या वेळच्या शाळांत प्राकृतिक भूगोल शिकवला जाई तो बहुधा पृथ्वीच्या आकारापासून. पृथ्वी गोल आहे, ध्रुवांपाशी चपटी आहे, तिचा अक्ष इतक्या अंशांनी कललेला आहे. मुलाने यातले काहीही पाहिलेले नसते. तो घोकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. (आपल्यापैकी अनेकांना ही पद्धत ओळखीची वाटेल!)

हक्सलेने क्रम उलटा केला. त्याने मुलांना लंडनच्या पुलावर उभे केले. हे समोर वाहणारे पाणी येते कुठून? वरच्या गावाहून. तिथे कुठून? झऱ्यांतून. झऱ्याला पाणी कुठले? पावसाचे. पाऊस कुठून? हवेतल्या वाफेतून. म्हणजे आता हवा काय आहे ते पाहिले पाहिजे, बाष्पीभवन समजून घेतले पाहिजे. मग हे पाणी जाता जाता काय करते? गढूळ दिसते, म्हणजे जमीन झिजवते. झिजलेली माती समुद्राच्या तळाशी थराने साचते. पण अशी झीज चालूच राहिली तर जमीन केव्हाच संपायला हवी होती. ती का संपली नाही? कारण जमीन काही ठिकाणी हळूहळू वर उचलली जाते. भूकंप आणि ज्वालामुखी इथे येतात. साचलेल्या थरांत मेलेल्या जीवांचे सांगाडे असतात. प्रवाळांची बेटे आणि खडूचे डोंगर इथे येतात. हे सगळे जाणल्यावर थेम्सच्या खोऱ्यातले खडक कुठल्या क्रमाने रचले गेले ते मूल स्वतःच वाचू शकते. आणि सर्वांत शेवटी, पृथ्वीचा आकार, तिची गती आणि या सगळ्या घडामोडींना शक्ती पुरवणारा सूर्य.

जे शाळेत पहिल्या पानावर असे ते हक्सलेने शेवटच्या पानावर नेले, आणि मुलाच्या दाराशी वाहणारी नदी पहिल्या पानावर आणली. या व्याख्यानांचे पुस्तक ‘फिजिऑग्रफी’ या नावाने १८७७ साली निघाले. ते हातोहात खपले आणि इंग्लंडमधल्या शाळांत ‘फिजिऑग्रफी’ हा एक विषयच होऊन बसला. पण यशाबरोबर विपर्यासही आला. परीक्षांसाठी या विषयाचीही घोकंपट्टीची पुस्तके निघाली. दूरच्या गावातल्या मुलांना थेम्सची वळणे पाठ करायला लावणारे शिक्षकही भेटत असतील. हक्सलेला अभिप्रेत होते ते वेगळेच. त्या गावच्या मुलांनी त्या गावच्या ओढ्यापासून सुरुवात करायची होती.

शिक्षकांचा शिक्षक

पुस्तक कितीही चांगले असले तरी वर्गात उभा राहतो तो शिक्षक. त्याने स्वतः कधी बेडूक चिरला नसेल, सूक्ष्मदर्शकात डोळा घातला नसेल, तर तो मुलांना शब्दच देणार. हे ओळखून १८७१ च्या उन्हाळ्यात हक्सलेने शाळाशिक्षकांसाठी लंडनमध्ये सहा आठवड्यांचा वर्ग चालवला. सकाळी व्याख्यान आणि त्यानंतर टेबलापाशी बसून तेच स्वतःच्या हाताने करून पाहायचे. यीस्टपासून सुरुवात करून एकेक प्राणी आणि वनस्पती घ्यायची, कापायची, पाहायची, चित्र काढायचे. आज कुठल्याही महाविद्यालयात प्रात्यक्षिक नावाची गोष्ट असते. त्या काळी जीवशास्त्राचे विद्यार्थी बहुधा लांबून पाहत आणि ऐकत. प्रात्यक्षिकाचे हे वळण रुजवण्यात या वर्गाचा वाटा मोठा आहे. शिक्षक म्हणून तयार होण्यासाठी १८८४ साली या संस्थेत आलेला एक गरीब विद्यार्थी हक्सलेच्या हाताखाली वर्षभर शिकला. पुढे तो एच. जी. वेल्स या नावाने जगाला माहीत झाला. पृथ्वीच्या दूरच्या भूत-भविष्याची झेप त्याच्या कादंबऱ्यांत आली त्यात या गुरूचा वाटा आहे.

सरकारी शिक्षणाच्या कारभारातही हक्सले उतरला. १८७० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सर्वांसाठी प्राथमिक शाळा काढायचे ठरले आणि लंडनच्या पहिल्या स्कूल बोर्डावर तो निवडून आला. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष होता. लिहिणे, वाचणे, हिशेब यांच्या जोडीला वस्तुपाठ आणि विज्ञानाची मूलतत्त्वे, चित्रकला, संगीत आणि कवायत हे सारे गरिबांच्या मुलांनाही मिळावे, असा आराखडा त्याच्या समितीने केला. आणि आश्चर्य म्हणजे, शाळेत बायबल वाचले जावे याला त्याने पाठिंबा दिला! मात्र त्यावर पंथांचे भाष्य नको. त्या ग्रंथातली भाषा आणि नीती यांना मुलांनी मुकू नये, असे या अज्ञेयवाद्याला वाटत होते. दोन वर्षे पुरी होण्याआधीच प्रकृती ढासळली आणि त्याला बोर्ड सोडावे लागले.

हाडांची साक्ष

मुलांना उत्क्रांती शिकवायची तर पुरावा दाखवायला हवा, आणि त्या वेळी पुरावा अपुरा होता. हक्सले स्वतः तो शोधत होता. बव्हेरियातल्या चुनखडीत १८६१ मध्ये आर्किऑप्टेरिक्स या पिसे असलेल्या प्राण्याचा जीवाश्म सापडला होता. त्याच खडकात कॉम्प्सोग्नॅथस नावाचा कोंबडीएवढा डायनोसॉरही होता. दोघांचे पाय आणि कमरेची हाडे ताडून हक्सलेने १८६८ पासून मांडले, की पक्षी आणि डायनोसॉर यांचे नाते जवळचे आहे. पुढे विसाव्या शतकात ही कल्पना मागे पडली. १९७० नंतर ती पुन्हा वर आली आणि १९९६ पासून चीनमध्ये पिसे असलेले डायनोसॉरच सापडू लागले. आज आपली मुले चिमणीला डायनोसॉरची वंशज म्हणतात, ते हक्सलेच्या वाटेनेच.

घोड्याचेही तसेच. युरोपातल्या जीवाश्मांवरून हक्सलेने घोड्याची वंशावळ जुळवली होती. १८७६ साली तो अमेरिकेत गेला तेव्हा येल विद्यापीठात प्राध्यापक मार्श यांनी आपला हाडांचा साठा त्याच्यापुढे मांडला. हक्सले शंका काढी आणि मार्श नवी पेटी मागवून तिचे उत्तर दाखवीत. घोड्याची खरी कूळकथा अमेरिकेत घडली, हे पाहून त्याने न्यू यॉर्कच्या व्याख्यानांसाठी केलेली मांडणी बदलली. याहून जुन्या थरांत अधिक बोटे असलेला पूर्वज मिळायला हवा, हा त्याचा अंदाज होता. थोड्याच काळात मार्श यांना पुढच्या पायाला चार बोटे असलेला छोटा इओहिप्पस मिळाला. ती वंशावळ सरळ रेषेत नाही, तिला झुडपासारख्या फांद्या आहेत, हे आता आपल्याला ठाऊक आहे. पण पुरावा सापडण्याआधी तो कसा असेल हे सांगणे आणि मग तो तसा सापडणे, यासारखा धडा नाही.

आणि चुकीचा धडाही त्याने दिला. अटलांटिकच्या त्याच चिखलाच्या बाटल्या १८६८ साली पुन्हा तपासताना त्याला चिकट, लिबलिबीत पदार्थ दिसला. हा अगदी साधा सजीव असावा असे वाटून त्याने त्याला बॅथिबियस असे नाव दिले. जगभर चर्चा झाली. जीवनाचा आरंभच सापडला असे काहींना वाटले. पण ‘चॅलेंजर’ जहाजावरच्या शास्त्रज्ञांनी १८७५ मध्ये दाखवले, की तो सजीव नाही. चिखल टिकावा म्हणून बाटलीत दारूचा अर्क घातला की कॅल्शियम सल्फेटचा साका बसतो, तोच हा! हक्सलेने ते पत्र मिळताच स्वतःहून ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आणले आणि चूक आपली असल्याचे कबूल केले. विरोधकांनी वर्षानुवर्षे त्याची टर उडवली. पण दुसऱ्याकडे पुरावा मागणाऱ्याने स्वतःविरुद्धचा पुरावा झाकला असता तर त्याच्या शिकवणीला काय अर्थ उरला असता?

त्याच्या सगळ्याच चुका अशा दुरुस्त झाल्या नाहीत. गुलामगिरीला त्याचा विरोध होता, पण कृष्णवर्णीय बुद्धीने गोऱ्यांच्या बरोबरीचे नाहीत, असे त्याने १८६५ साली लिहिले. तिथे त्याने पुराव्याचा आग्रह धरला नाही, काळाचा समज तेवढा उचलला. त्याच्याच कसोटीवर तो तिथे नापास होतो, आणि त्याचे मोठेपण सांगताना हेही सांगितले पाहिजे.

१८८३ साली तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. पण शरीर थकले होते, मन अधूनमधून खिन्नतेत बुडत होते. १८८५ मध्ये तो निवृत्त झाला. चित्रकार असलेली लाडकी मुलगी मेरियन १८८७ मध्ये गेली, हा दुसरा घाव. शेवटची वर्षे त्याने समुद्रकाठच्या ईस्टबोर्न गावी काढली. बागकाम करी आणि टेकड्यांवर फिरायला जाई. २९ जून १८९५ रोजी तिथेच तो वारला. नातवंडांपैकी ज्युलियन युनेस्कोचा पहिला महासंचालक झाला, ऑल्डस कादंबरीकार, आणि अँड्र्यूला १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे शाळेतले मूलही सांगते. हक्सलेला हा आकडा माहीत नव्हता. इंग्लंडचा खडू साचत होता तो काळ दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या युगाला क्रेटेशस म्हणतात ते खडूच्या लॅटिन नावावरूनच. त्या युगाच्या अखेरीला आपल्या दख्खनमध्ये लाव्हाचे लोट वाहत होते, आणि सह्याद्रीचा काळा कातळ तयार होत होता. आकड्यांच्या बाबतीत आपली मुले हक्सलेच्या पुढे आहेत. पण त्यातल्या किती जणांना हा आकडा कशावरून काढला हे सांगता येईल?

हक्सलेने लंडनच्या मुलांना थेम्स दिली, कारण ती त्यांच्या दाराशी होती. आपल्या दाराशी मुठा आहे, गोदावरी आहे, वैनगंगा आहे. घाटातून जाताना कातळाच्या थरांवर थर दिसतात. गाडीच्या खिडकीतून मूल बोट दाखवते आणि विचारते, हे असे पट्टे का? उत्तर येत नसले तरी चालेल. दोघांनी मिळून शोधावे. हा प्रश्न मात्र गप्प बसवू नये. दोन वर्षे शाळेत गेलेल्या त्या मास्तराने सगळी खटपट केली ती असा प्रश्न विचारणाऱ्या मुलासाठी.